मुलीला गाडी लागते

मराठीत ‘गाडी लागली’ या दोन शब्दांचा अर्थ ते कोण म्हणत आहे यावर ठरतो. फलाटावर उभा असलेला प्रवासी ते म्हणतो, तेव्हा गाडी येऊन उभी राहिलेली असते आणि सगळे सुरळीत असते. मागच्या आसनावरून एखादे मूल बारीक आवाजात ‘मला गाडी लागतेय’ म्हणते, तेव्हा चालवणाऱ्याच्या हाती जेमतेम अर्धा मिनिट उरलेला असतो. आमच्या घरात या शब्दांना तिसराही एक अर्थ आहे. ‘याला गाडी लागली आहे’ असे माझी बायको माझ्याविषयी म्हणते, एखाद्याला नाद लागावा त्या अर्थाने. यांपैकी शेवटचे दोन अर्थ गेली चार वर्षे एकाच गाडीतून प्रवास करत आहेत, आणि त्यांचे आपसांत जमेपर्यंत मला ती गाडी नीट चालवता येत नव्हती, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आले.

ती गाडी घेताना घरात एक तह झाला होता. डिकीत तिघांचे आठवड्याचे सामान मावावे, मागे पाय पसरून बसता यावे आणि रस्त्यावर कुणी वळून पाहावे असे तिच्यात काही नसावे, या अटी माझ्या नव्हत्या. त्या मान्य करून मी जे पदरात पाडून घेतले ते बाहेरून दिसत नाही. तिला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जोडलेले दोन लिटरचे पेट्रोल इंजिन आहे, सस्पेन्शन नेहमीपेक्षा थोडे खाली बसवलेले आणि ताठ आहे, आणि इंजिनाची ताकद चारही चाकांपर्यंत पोहोचते. दिसायला मात्र ती सामान वाहणारी सभ्य स्टेशन वॅगन आहे. पहिल्याच मोठ्या प्रवासात, एका लांबलचक घाटात, ती वळणांत किती कमी कलते याचे मला इतके कौतुक वाटत होते की मागे चाललेली कुजबुज माझ्या कानावर आली नाही. पाचव्या का सहाव्या वळणानंतर मला गाडी बाजूला घेऊन थांबावे लागले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने रस्त्याच्या कडेला तोंड पुसले, गाडीकडे एकदा शत्रूकडे पाहावे तसे पाहिले आणि निमूटपणे परत आत येऊन बसली.

घरी निकाल लागला तो असा, की सस्पेन्शन कडक आहे आणि त्यामुळे मुलीला त्रास होतो. हा निकाल मलाही पटण्यासारखा वाटला. आधीच्या मऊ गाडीत तिला क्वचितच त्रास होत असे, आणि दोन गाड्यांतला डोळ्यांना दिसणारा फरक तोच होता. काही आठवडे मी मऊ स्प्रिंगा बसवण्याचा विचारही करत होतो, म्हणजे ज्या गोष्टीसाठी ती गाडी घेतली तीच काढून टाकण्याचा.

पण आकडे वेगळेच सांगत होते. माणसाला मळमळ आणणारी हालचाल ही दणक्यांची नसते, ती संथ झोक्याची असते. साधारण पाच सेकंदांत एक आवर्तन पुरे करणारा झोका शरीराला सर्वांत जास्त बाधतो. लाटांवरच्या जहाजाचा झोका याच सुमाराचा असतो, म्हणून समुद्रप्रवासाचा त्रास इतका जुना आहे. आता नेहमीची कौटुंबिक गाडी आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली होते आणि स्पोर्टी गाडी दीड ते दोन वेळा. सस्पेन्शन जितके ताठ, तितकी ही हालचाल त्या बाधणाऱ्या झोक्यापासून दूर जाते. कडक सस्पेन्शन पाठीला जाणवेल, कमरेला जाणवेल, पण पोटाला ते ढवळत नाही. मग पाच-सहा सेकंदांचा तो झोका गाडीत येत कुठून होता? घाटात एकामागून एक उजवे-डावे वळण घेताना, प्रत्येक वळणापूर्वी जोरात ब्रेक दाबताना आणि वळण संपता संपता अधीरपणे अ‍ॅक्सिलरेटर दाबताना जे पुढे-मागे आणि आडवे हेलकावे बसतात, त्यांचा ठेका नेमका तेवढाच असतो. तो झोका मी तयार करत होतो. जुन्या गाडीत तो होत नव्हता, कारण त्या गाडीत मला तसे चालवण्याची इच्छाच होत नव्हती.

हे कळल्यावर पहिल्यांदा मला राग आला, आणि तो मुलीच्या पोटावर होता, हे कबूल केले पाहिजे. आनंदाने चालवणे आणि मागच्या माणसाला सुखाने नेणे या दोन गोष्टींचे वैर आहे, असे मी तेव्हा गृहीत धरले होते. स्पोर्टी गाडीची मजा म्हणजे शरीराला जाणवणारे धक्के, असाच माझा समज होता. वळणापाशी उशिरा ब्रेक मारला आणि पट्ट्याने छाती आवळली की काहीतरी केल्यासारखे वाटत असे.

त्या धक्क्यांच्या वेळी गाडीखाली काय घडते ते समजून घेऊ लागलो, तेव्हा हा समज ढासळला. चालकासह १६०० किलो वजनाची, २.७ मीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराची) आणि जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली गाडी घ्या. तिला गुरुत्वत्वरणाच्या आठ दशांश इतक्या जोराने ब्रेक लावला, तर मागच्या चाकांवरचे सुमारे २६० किलो वजन पुढच्या चाकांवर जाऊन बसते. तीन दशांशाच्या ब्रेकला हेच वजन १०० किलोच्या आतबाहेर असते. म्हणजे ब्रेकच्या पावलागणिक आपण एखादे भले मोठे कपाट गाडीच्या मागच्या टोकाकडून पुढच्या टोकाकडे सरकवत असतो. पाऊल एकदम उचलले की ते कपाट एकदम परत मागे जाते, गाडीचे नाक वर येते, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण स्टिअरिंग फिरवत असलो, तर ज्या टायरांनी वळायचे त्यांच्यावरचाच भार निघून गेलेला असतो. मी ज्याला गाडीचा जिवंतपणा समजत होतो, त्यातला बराचसा भाग हे कपाट इकडून तिकडे आदळण्याचा होता.

टायरचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढा असतो, आणि तसे चार तळहात एवढीच गाडीची जगाशी ओळख असते. जर्मन अभियंता वुनिबाल्ट काम यांच्या नावाने ओळखले जाणारे एक वर्तुळ आहे, ते या तळहाताच्या कुवतीचा हिशेब मांडते. टायरकडे पकडीची ठरावीक पुंजी असते आणि वळणे, थांबणे, ओढणे ही तिन्ही कामे त्याच पुंजीतून करायची असतात. मात्र हा हिशेब साध्या वजाबाकीचा नाही. आदर्श टायरची ८० टक्के पकड वळण्यात गुंतली असेल, तर ओढण्यासाठी २० टक्के उरत नाही, ६० टक्के उरते. वळण्यात ९५ टक्के गुंतली तरीही ३१ टक्के शिल्लक असते. ९९ टक्क्यांवर मात्र ती १४ वर येते. या तीन आकड्यांत मला चालवण्याची एक अख्खी पद्धत दिसते. वळणात पकडीचा अगदी शेवटचा थेंब पिळून काढण्याचा हट्ट थोडासा सोडला, तर बाहेर पडताना हाती येणारी ताकद कितीतरी वाढते. घाईने वळणात शिरणारा माणूस शेवटच्या चार टक्क्यांसाठी पुढची निम्म्याहून अधिक शिल्लक उधळून टाकतो, आणि त्याच्या मागे बसलेल्या मुलीला गाडी लागते.

चारही चाकांच्या ताकदीचे मर्म मला याच हिशेबातून कळले. फक्त पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत वळण्याचे मुख्य काम आणि ओढण्याचे सगळे काम पुढच्या दोन तळहातांवरच पडते. वळणाच्या मध्यावरून अ‍ॅक्सिलरेटर दाबू लागलो की थोड्याच वेळात नाक बाहेर सरकू लागते, आणि आपण पाय परत उचलतो. ताकद चारांत वाटली गेली की प्रत्येक टायरच्या वाट्याला ओढण्याचे काम कमी येते आणि वळण्यासाठी जास्त शिल्लक राहते. त्यामुळे वळणाच्या मध्यापासून, स्टिअरिंग सैल करत करत, उजवे पाऊल अखंड, न थबकता खाली नेता येते. इंजिन हळूहळू भरत जाते, गाडी मागच्या चाकांवर किंचित बसते आणि वळण सरळ होण्याच्या आतच ती निघालेली असते. या क्षणाची तुलना मला दुसऱ्या कुठल्याही गाडीतल्या सुखाशी करता येत नाही. आणि गंमत अशी, की हा क्षण जितका सुरेख जमतो तितका तो मागच्या आसनावर कमी कळतो.

या यंत्रणेचा इतिहासही कौटुंबिक गाड्यांच्या आसपासच घुटमळलेला आहे, याचे मला विशेष वाटते. १९६६ साली ब्रिटनमधल्या जेन्सन कंपनीने एफएफ नावाची रस्त्यावरची आलिशान गाडी कायमच्या चारचाकी ताकदीसह आणि चाके लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकसह आणली, पण अशा फक्त ३२० गाड्या बनल्या. जपानमध्ये सुबारूने १९७२ साली लिओनी या साध्या वॅगनला चारही चाकांची ताकद दिली. तिच्या आधीच्या प्रयोगाची सुरुवात एका वीज कंपनीच्या गरजेतून झाली होती. बर्फाळ डोंगरात तारा दुरुस्त करायला जाणाऱ्या माणसांना जीपपेक्षा आरामशीर गाडी हवी होती. आणि १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये चाचण्या सुरू असताना, आउडीचे अभियंता यॉर्ग बेन्सिंगर यांच्या लक्षात आले की फोक्सवागनची इल्टिस ही अवघ्या ७५ अश्वशक्तीची लष्करी धाटणीची गाडी बर्फावर कितीतरी ताकदवान गाड्यांना मागे टाकते. त्या निरीक्षणातून निघालेली आउडीची क्वात्रो ही चारही चाकांच्या ताकदीची गाडी १९८० च्या जिनिव्हा प्रदर्शनात लोकांसमोर आली. पुढच्याच वर्षी इटलीतल्या सानरेमो रॅलीत मिशेल मूतोँ यांनी ती चालवून जिंकली, आणि जागतिक रॅली स्पर्धेची फेरी जिंकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांच्या शेजारी बसून वळणे वाचणाऱ्या सहचालक फाब्रित्सिया पोन्स यांचे नाव सांगायला लोक विसरतात. मी ते का विसरत नाही, ते पुढे येईलच.

माझ्या गाडीच्या वंशावळीत मला सर्वांत प्रिय असलेली गाडी मी कधी चालवलेली नाही आणि चालवीन असेही वाटत नाही. आउडीने पोर्शच्या मदतीने १९९४ मध्ये आरएस-टू अवांत ही वॅगन आणली. तिला पाच सिलिंडरांचे २.२ लिटरचे टर्बो इंजिन होते, ३१५ अश्वशक्ती होती, पोर्शने दिलेले ब्रेक होते, आणि मागे मुलांची सायकल मावेल अशी डिकी होती. घरच्या गरजा आणि चालवण्याचा नाद एका पत्र्याखाली नांदू शकतात, हे तिने फार ठसठशीतपणे सांगितले. तिच्या मागच्या आसनावरच्या मुलांचे काय होत असेल, हा प्रश्न मात्र तिच्याविषयी लिहिणाऱ्या कुणाला पडलेला मी पाहिला नाही.

चारही चाकांना ताकद देणे ऐकायला सोपे वाटते, पण पुढची आणि मागची चाके एकमेकांना घट्ट जोडून टाकली तर कोरड्या रस्त्यावर गाडी नीट वळतच नाही. मागच्या आसाचा मध्य दहा मीटर त्रिज्येने काटकोनात वळत असेल, तर पुढच्या आसाचा मध्य त्याच वेळात सुमारे ५६ सेंटिमीटर जास्त अंतर कापतो. हा फरक कुठेतरी मुरवावा लागतो, नाहीतर टायर घासतात आणि यंत्रणा आतल्या आत पिळली जाते. क्वात्रोने त्यासाठी मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची जुळणी, ठेवले. इंजिन आडवे बसवलेल्या गाड्यांत मात्र बहुधा क्लच असतो, जो मागच्या चाकांना गरजेप्रमाणे जोडतो आणि सोडतो. स्वीडनच्या हाल्डेक्स कंपनीचा तसा क्लच १९९८ पासून प्रवासी गाड्यांत दिसू लागला. माझ्या गाडीत याच जातीची रचना आहे. जाणकार मंडळी तिला थोडी नाके मुरडतात, कारण पहिल्या पिढीत पुढची चाके घसरल्यावर मगच मागच्या चाकांना निरोप जात असे. आताचे क्लच अ‍ॅक्सिलरेटर आणि स्टिअरिंगची स्थिती पाहून आधीच तयारी करतात. तरीही दोन्ही रचनांच्या स्वभावात फरक राहतोच, आणि माझ्या गाडीशी जुळवून घ्यायला मला एक हिवाळा लागला. अरुंद वळणात मी ताकद एकदम मागितली, की आधी नाक किंचित रुसते आणि मग मागची बाजू कामाला लागते. तीच ताकद अर्धा सेकंद आधी, पण थोडी थोडी मागितली, की चारही चाके जणू एकाच वेळी उठतात. या गाडीला आरडाओरडा आवडत नाही, कानात सांगितलेले लवकर कळते.

आतल्या चाकाला हलकेच ब्रेक लावून गाडीला वळवण्याची सोयही तिच्यात आहे. ती माझ्या फारशी मनात भरत नाही, कुणीतरी कान धरून दिशा दाखवल्यासारखी वाटते. वळणात बाहेरच्या चाकाला खरोखर जास्त ताकद पाठवणारी डिफरन्शियल असतात, मित्सुबिशीने १९९६ च्या लान्सर इव्होल्यूशनमध्ये तसे केले होते. त्यातले नैसर्गिकपण ब्रेकने साधत नाही. असो, तहात ते बसत नव्हते.

गाडी घेतली त्याच वर्षी एका पावसाळी संध्याकाळी एक प्रसंग घडला. गाडीत मी एकटाच होतो, एवढेच त्यात बरे होते. दिवसभर पाऊस पडून रस्ता चकचकीत झाला होता आणि मला त्याची काळजी वाटत नव्हती, कारण प्रत्येक चौकातून गाडी कोरड्या रस्त्यासारखी निघत होती. दोनच चाके ओढणाऱ्या गाडीत ओल्या रस्त्यावर निघताना चाक एकदा तरी गरगर फिरते आणि चालकाला आपोआप इशारा मिळतो, की आज पकड कमी आहे. माझ्या गाडीने तो इशारा माझ्यापर्यंत येऊच दिला नाही. उताराच्या एका वळणात मी नेहमीच्या वेगाने शिरलो, स्टिअरिंग फिरवले, आणि गाडी सरळ जात राहिली. हातातले स्टिअरिंग अचानक हलके झाले होते, पाण्यातून हात फिरवावा तसे. मी पाय उचलला, घसरती गाडी सावरणाऱ्या यंत्रणेने एका चाकाला ब्रेक लावला, आणि समोरचा कठडा वीतभर अंतरावरून मागे गेला.

घरी येऊन मी हिशेब केला, घाबरलेला माणूस करतो तसा, पुन्हा पुन्हा. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणात घर्षणाचा गुणांक ०.८ असेल, तर ताशी सुमारे ७१ किलोमीटर वेगापर्यंत टायर धरून राहतात. ओल्या रस्त्यावर तो ०.५ झाला, तर ही मर्यादा ५६ वर येते. ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबायला कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे ४९ मीटर लागत असतील, तर अशा ओल्या रस्त्यावर ७९ लागतात. या चारही आकड्यांत ताकद किती चाकांना मिळते याचा कुठेही संबंध येत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात. ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी रचना, निघायला मदत करते, थांबायला आणि वळणात शिरायला करत नाही, हे मी चारचौघांत अनेकदा ऐटीत सांगितले होते. पण त्या संध्याकाळपर्यंत ते माझ्या उजव्या पायाने ऐकलेले नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात मी चारही टायर बदलले. जुने टायर कायदेशीर मर्यादेत होते, पण त्यांची नक्षी बरीच झिजली होती, आणि अशा गाडीत दोनच टायर नवे घालून भागत नाही. घेरात फरक पडला की मधला क्लच विनाकारण राबत राहतो. नव्या टायरांनी गाडीत जो फरक पडला तो इंजिनात आणखी पन्नास अश्वशक्ती घालूनही पडला नसता. कौटुंबिक गाडीला स्पोर्टी करू पाहणाऱ्याने आधी टायरांकडे पाहावे आणि मग जमल्यास बाकी कशाकडे पाहूच नये, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर मी चालवणे अक्षरशः नव्याने शिकू लागलो. ब्रेक सरळ रस्त्यावर लवकर आणि ठामपणे लावायचा, पण सोडताना तो झोपलेल्या माणसाच्या खोलीचा दरवाजा असावा तसा सोडायचा. स्टिअरिंग जसजसे आत जाईल तसतसा पाय ब्रेकवरून निघावा, म्हणजे पुढच्या टायरांवरचा भार एकदम उठत नाही. नजर बॉनेटच्या पुढे न ठेवता वळण जिथे उलगडते तिथे ठेवायची. स्टिअरिंग एकदाच, लागेल तेवढेच फिरवायचे आणि मध्येच दुरुस्त करत बसायचे नाही. हे लिहिताना सोपे वाटते. प्रत्यक्षात एका घाटातल्या चाळीस वळणांपैकी मनासारखी चार जमली, तर मी दिवसभर खूश असतो. उशिरा ब्रेक मारून चालवत असताना मला चाळीसच्या चाळीस जमली असे वाटायचे, हा त्यातला मोठा फरक.

मुलीचा त्रास याने पुष्कळ कमी झाला, पण थांबला नाही. तेव्हा एका प्रवासात तिनेच विचारले, “बाबा, तुला कशी नाही रे गाडी लागत?” प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तरही ठाऊक असलेले होते. चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचा हेलकावा केव्हा आणि कोणत्या बाजूला येणार हे त्याला आधीच माहीत असते. त्याचे शरीर त्या झोक्याच्या अर्धे पाऊल पुढे असते. मागच्या माणसाला तो झोका प्रत्येक वेळी नवा असतो. मी तिला हे सांगितले. तिने थोडा विचार केला आणि खिडकीजवळची जागा सोडून मागच्या आसनावर मधोमध येऊन बसली, जिथून पुढच्या काचेतून रस्ता दिसतो. मग ती वळणे सांगू लागली.

सुरुवातीला ती नुसते ‘डावं’ आणि ‘उजवं’ म्हणत असे. हळूहळू तिची स्वतःची परिभाषा तयार झाली. लांबलचक वळणाला ती ‘नदी’ म्हणते, एकदम मागे फिरवणाऱ्या वळणाला ‘यू-टर्नची बहीण’, आणि जे वळण आत शिरल्यावर अधिक आवळत जाते त्याला ‘फसवं’. या शेवटच्या शब्दाचे मला फार कौतुक वाटते. त्रिज्या कमी होत जाणाऱ्या वळणाने अनुभवी माणसांनाही दरीकडे खेचले आहे, आणि त्याचे याहून नेमके वर्णन मी कुठल्या तांत्रिक लेखनात वाचलेले नाही. रॅलीतला सहचालक हेच काम वहीत पाहून करतो; धडधडत्या गाडीत मान खाली घालून वाचत राहणाऱ्या त्या माणसांच्या पोटांविषयी माझ्या मनात आता निराळाच आदर आहे. आमची सहचालक वही वापरत नाही, ती रस्ता पाहते. तिच्या अंगात आता वळण येण्यापूर्वीच किंचित कल येतो आणि आरशात मला ते दिसते. बायकोचे म्हणणे असे, की घरात आता एकाऐवजी दोघांना गाडी लागली आहे.

आम्हा दोघांची मापे मात्र वेगळी राहिली आहेत. मला वळण सुंदर जमले असे वाटते आणि मागून शांतपणे ‘हे नाही’ असे ऐकू येते. तिचे बहुधा बरोबर असते. ब्रेक सोडताना पाय शेवटच्या क्षणी निसटलेला असतो किंवा बाहेर पडताना मी टर्बो भरण्याची वाट न पाहता उगाच जास्त दाबलेले असते, आणि दोन लिटरांतून एकदम आलेली ताकद चार चाकांत वाटली गेली तरी मानेला कळायची ती कळतेच. गाडीतल्या स्क्रीनवर मला किती त्वरण, किती कल, कोणत्या चाकाला किती ताकद, हे सगळे रंगीत चित्रांत पाहता येते. मी ती स्क्रीन आता घाटात बंद ठेवतो.

गेल्या महिन्यात गाडी आतून साफ करताना मागच्या दाराच्या कप्प्यात कागदी पिशव्यांची ती जुनी चळत सापडली. पहिल्या प्रवासानंतर आम्ही त्या भीतीने ठेवल्या होत्या, आणि गेल्या वर्षभरात त्यातली एकही कमी झाली नव्हती. सगळ्यात वरच्या पिशवीवर पेन्सिलीने त्या लांबलचक घाटातली वळणे ओळीने लिहिलेली होती. उजवं. डावं. नदी. उजवं. यू-टर्नची बहीण. फसवं. त्यांतल्या अकराव्या वळणापुढे कंसात एक टीप होती: ‘इथे बाबा उशीर करतो.’

मी ती पिशवी होती तशी परत ठेवून दिली. पुढच्या वेळी त्या घाटात शिरल्यावर मी मनातल्या मनात वळणे मोजत गेलो, अकरावे येण्यापूर्वी नेहमीच्या जागेच्या बऱ्याच आधी ब्रेकवर पाय ठेवला, तो अलगद सोडला, आणि गाडी कसलाही आवाज न करता आत वळली. मागे कागदाची सळसळ झाली. आरशात पाहिले, तर ती मांडीवर पिशवी घेऊन, रस्त्यावरची नजर न काढता, खोडरबर शोधत होती.